तिसऱ्या बारला होणारी तडतड : सिंथ प्लगिनमुळे प्रोसेसरवर येणारा भार आणि त्याचे निवारण

गाणे सुरू केले की पहिले दोन बार (चार-चार मात्रांचे गट) स्वच्छ वाजतात. तिसरा बार लागला की फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज स्पीकरमधून येऊ लागतो आणि डीएडब्ल्यूच्या, म्हणजे संगणकावर गाणे रचण्याच्या सॉफ्टवेअरच्या, कोपऱ्यातला सीपीयूचा आकडा लाल होतो. गाणे थांबवून थेट तिसऱ्या बारपासून वाजवले, तर मात्र तो बार निर्दोष वाजतो. एका अभंगाची संगीतयोजना करताना हा प्रकार मी सलग चार दिवस सोसला. या चार दिवसांत बफर वाढवून पाहिला, सिंथचे प्लगिन (डीएडब्ल्यूच्या आत चालणारे कृत्रिम वाद्य) काढून पुन्हा बसवले, आणि नव्या संगणकाच्या हप्त्यांचा हिशेबही कागदावर मांडून झाला. दोष निघाला तो चार सुरांच्या एका साध्या पॅडमध्ये, म्हणजे मागे सलग चालणाऱ्या मऊ ध्वनीत. तो शोधताना ज्या क्रमाने जायला हवे होते, तो क्रम इथे मांडतो आहे, कारण या तक्रारीत ‘काय करू’ या प्रश्नाआधी ‘तडतड नेमकी कधी होते’ या प्रश्नाचे उत्तर मिळवले, तर निम्मे काम तिथेच होते.

सर्वांत आधी त्या आकड्याबद्दल. डीएडब्ल्यूमधला मीटर आणि विंडोजचा टास्क मॅनेजर या दोघांचे आकडे जुळत नाहीत, आणि जुळणारही नाहीत. टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची सरासरी सांगतो, तीही साधारण सेकंदाभराच्या कामाची. ऑडिओचे काम मात्र मुदतीचे असते. सॅम्पल रेट ४८,००० (सेकंदाला ध्वनीचे तेवढे नमुने, म्हणजे सॅम्पल) आणि बफर (एका वेळी तयार होणारा तुकडा) २५६ सॅम्पलचा असेल, तर पुढचे २५६ सॅम्पल तयार करून द्यायला संगणकाला ५.३ मिलिसेकंद मिळतात. बफर १२८ केला तर २.७ आणि ५१२ केला तर १०.७ मिलिसेकंद. २५६ च्या बफरवर ही मुदत सेकंदाला १८७ वेळा येते आणि त्यांपैकी एक जरी चुकली, तरी त्या तुकड्याच्या जागी खळगा पडतो. एसटी वेळेवर सुटते, प्रवासी दोन मिनिटे उशिरा पोचला काय किंवा दोन तास, जागा रिकामीच जाते; तसेच हे आहे. तो खळगा आपल्याला तडतड म्हणून ऐकू येतो. त्यामुळे टास्क मॅनेजर २० टक्के दाखवत असताना गाणे फाटणे यात विसंगती काहीच नाही. १८६ तुकडे सहज झाले आणि एक चुकला, तर सरासरी छानच दिसणार.

म्हणून सरासरी बाजूला ठेवून मुदतीचा आकडा दाखवणारी खिडकी उघडावी. मी रीपर हा डीएडब्ल्यू वापरतो. त्याच्या परफॉर्मन्स मीटरमध्ये प्रत्येक ट्रॅकचा भार वेगळा दिसतो आणि वरच्या भागात सर्वांत जास्त वेळ खाणारा तुकडा किती मिलिसेकंदांचा झाला, तेही दिसते. क्युबेसमध्ये यासाठी ऑडिओ परफॉर्मन्सची खिडकी आहे, एफएल स्टुडिओत प्लगिननिहाय भार दाखवणारा मॉनिटर आहे, आणि एबलटन लाइव्हच्या ११ व्या आवृत्तीपासून प्रत्येक ट्रॅकच्या भाराची खूण सेशन व्ह्यूमध्ये चालू करता येते. माझ्या गाण्यात तेवीस ट्रॅक होते. त्यांपैकी बावीस मिळून जितका वेळ खात नव्हते, तितका एकटा पॅड खात होता. चार दिवसांचे काम दहा मिनिटांत झाले असते ते इथे.

आता तो तिसरा बार. पॅडसाठी मी एक वेव्हटेबल सिंथ (साठवलेल्या लहरींपासून ध्वनी बनवणारा) वापरला होता. त्यात दोन ऑसिलेटर (ध्वनिलहर तयार करणारे भाग) चालू होते आणि दोन्हींना सात-सात आवाजांचे युनिसन, म्हणजे एकाच सुराच्या सात प्रती, दिले होते. म्हणजे पट्टीवर एक सूर दाबला की संगणक चौदा ऑसिलेटर चालवतो. चार सुरांची कॉर्ड दाबली की छप्पन्न. इथवर ठीक आहे. गाण्याची लय ८० होती, म्हणजे चार मात्रांचा एक बार तीन सेकंदांचा, आणि कॉर्ड दर बारला बदलत होती. एन्व्हलपचा रिलीज, म्हणजे बोट उचलल्यावर सूर विरायला लागणारा वेळ, मात्र मी हौसेने सहा सेकंद ठेवला होता, कारण एकटा ऐकताना तो फार सुरेख वाटत होता. बोट उचलले म्हणून सिंथमधला व्हॉइस, म्हणजे त्या एका सुराची गणना, मरत नाही. रिलीज संपेपर्यंत तो पूर्ण ताकदीने मोजला जातो, कानाला ऐकू येवो अगर न येवो. पहिल्या बारला छप्पन्न ऑसिलेटर, दुसऱ्या बारला आधीच्या कॉर्डचे शेपूट धरून एकशे बारा, आणि तिसऱ्या बारला आधीच्या दोन्ही कॉर्डची शेपटे धरून एकशे अडुसष्ट. प्रत्येक व्हॉइसचा स्वतंत्र फिल्टर या हिशेबात धरलेलाच नाही. मीटरमधला सर्वांत लांब तुकडा पहिल्या बारला १.९, दुसऱ्याला ३.६ आणि तिसऱ्याला ५.५ मिलिसेकंद दिसला, आणि मुदत होती ५.३. थेट तिसऱ्या बारपासून वाजवल्यावर तडतड का होत नव्हती, तेही यातच उलगडते. मागच्या दोन कॉर्ड वाजलेल्याच नसल्यामुळे त्यांची शेपटेही नव्हती.

उपाय तीन केले. रिलीज सहावरून दीड सेकंदावर आणला आणि लांब शेपटाचे काम सेंडवरच्या (वेगळ्या सामाईक ट्रॅकवरच्या) एका रिव्हर्बकडे, म्हणजे गुंजन देणाऱ्या प्लगिनकडे, दिले. रिव्हर्बला चार सूर आले काय आणि चाळीस आले काय, त्याचा खर्च तेवढाच राहतो. युनिसन सातवरून चारवर आणले. हे करताना फरक फक्त सोलोमध्ये, म्हणजे तो ट्रॅक एकटा ऐकताना, कळला. बाकीच्या ट्रॅकसोबत पॅड ऐकल्यावर तो मला तरी सांगता आला नसता. शेवटी पॉलिफनीची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या व्हॉइसची, मर्यादा आठवर बांधली. मर्यादा फार कमी ठेवली, तर सिंथ जुना व्हॉइस अर्ध्यात तोडून नव्याला जागा देतो आणि तेव्हाही क्लिक येऊ शकतो. म्हणून चार सुरांच्या कॉर्डसाठी आठच्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे. वरच्या हिशेबाने आता जास्तीत जास्त चौसष्ट ऑसिलेटर चालतात, म्हणजे आधीच्या पहिल्या बारपेक्षा थोडेच जास्त.

व्हॉइस साचण्याचे आणखी एक कारण सहज नजरेतून सुटते, ते म्हणजे सस्टेन पेडल. कीबोर्डवर वाजवून रेकॉर्ड करताना पेडल दाबल्याची नोंद मिडीमध्ये (सूर आणि पेडल यांच्या नोंदींमध्ये) ६४ क्रमांकाच्या कंट्रोलरवर होते. पेडल सोडण्याआधी रेकॉर्डिंग थांबवले किंवा क्लिप (ट्रॅकवरचा रेकॉर्ड केलेला तुकडा) मधूनच कापली, तर दाबल्याची नोंद राहते आणि सोडल्याची निघून जाते. मग प्रत्येक सूर धरलेलाच राहतो आणि सिंथ पॉलिफनीच्या कमाल मर्यादेपर्यंत फुगतो. व्हॉइसचा आकडा सिंथच्या खिडकीत दिसत असेल आणि तो कधीच खाली उतरत नसेल, तर क्लिपमधली ती नोंद आधी तपासावी.

आपल्याकडच्या कामात याचाच एक भाऊ भेटतो, तो म्हणजे तानपुऱ्यासारखा अखंड सूर. सहा मिनिटांच्या गाण्यात सिंथवर सा-प धरून ठेवणारे अनेक प्रोजेक्ट मी पाहिले आहेत. ज्या सुरात पहिल्या मिनिटापासून सहाव्यापर्यंत काहीच बदल होत नाही, तो सेकंदाला ४८,००० वेळा नव्याने गणत बसण्याचे कारण नाही. असा सूर एकदा ऑडिओत उतरवून त्याची लूप ठेवावी.

माझ्या पॅडमध्ये दुसराही एक दोष होता आणि तो सिंथचा नव्हता. त्या ट्रॅकचे रेकॉर्डचे बटण मी दाबूनच ठेवले होते. हे वरवर किरकोळ वाटते, पण रीपर, क्युबेस आणि लॉजिक या तिन्हींत त्याचा किंवा त्याच्या भावंडाचा परिणाम मोठा आहे. जे ट्रॅक नुसते वाजायचे आहेत, त्यांचे काम हे डीएडब्ल्यू थोडे आधीच करून ठेवतात, कारण पुढे काय वाजणार ते त्यांना माहीत असते. रीपर याला अँटिसिपेटिव्ह एफएक्स म्हणतो आणि साधारण २०० मिलिसेकंद पुढचे काम उरकून ठेवतो. क्युबेसमध्ये हेच काम एएसआयओ-गार्ड करतो. ट्रॅक रेकॉर्डसाठी किंवा मॉनिटरसाठी उघडा ठेवला, की तुम्ही कोणत्याही क्षणी पट्टी दाबाल हे गृहीत धरून तो ट्रॅक या सवलतीतून बाहेर काढला जातो आणि त्याला पुन्हा ५.३ मिलिसेकंदांची मुदत लागू होते. लॉजिकमध्ये तर इन्स्ट्रुमेंटचा ट्रॅक नुसता निवडलेला असला तरी तो थेट वाजवण्याच्या अवस्थेत जातो. त्यामुळे मिक्स ऐकताना एखादा रिकामा ऑडिओ ट्रॅक निवडून ठेवण्याची युक्ती तिथे उपयोगी पडते. वाजवून झाले की बटण बंद करावे, एवढेच.

याला जोडूनच कोअरचा प्रश्न येतो. आठ कोअरचा प्रोसेसर असताना एकच ट्रॅक कसा काय जड होतो, असे पुष्कळदा विचारले जाते. एका ट्रॅकवर सिंथ, त्यापुढे ईक्यू, त्यापुढे कॉम्प्रेसर, त्यापुढे सॅच्युरेशन अशी ध्वनी बदलणाऱ्या प्लगिनची रांग असेल, तर ईक्यूला सिंथचे काम पूर्ण झाल्याशिवाय हात लावता येत नाही. म्हणून ही संपूर्ण रांग एकामागून एक अशीच चालते आणि उरलेले कोअर बघत राहतात. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर जाऊ शकतात, एका ट्रॅकची रांग सहसा जात नाही. एकाच मल्टिटिंबरल प्लगिनच्या आत पाच वाद्ये भरली असतील, तर ती पाच ट्रॅकवर पाच स्वतंत्र प्लगिन म्हणून मांडल्याने भार वाटला जातो. मेमरी थोडी जास्त लागते, पण तडतड थांबते. दिवा (Diva) नावाच्या सिंथसारख्या काही सिंथमध्ये मल्टिकोअरचे बटण असते. ते चालू करून आणि बंद करून दोन्ही वेळा मोजावे. डीएडब्ल्यू आधीच ट्रॅक वाटून देत असताना सिंथनेही आपली वाटणी सुरू केली, तर काही संगणकांवर भार कमी होण्याऐवजी वाढतो. मास्टरवरचे जड लिमिटर आणि लिनिअर फेज ईक्यू हेही याच रांगेच्या शेवटी उभे असतात, तेव्हा संगीतरचना चालू असताना ते बंद ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

सिंथच्या आत दर्जाचेही बटण असते. ओव्हरसॅम्पलिंग (सिंथच्या आत जास्त सॅम्पल रेटवर गणना) दोनपट केले, तर ऑसिलेटर आणि फिल्टरचे काम जवळपास दुप्पट होते. चारपट केले तर चौपट. अॅनालॉग फिल्टरची हुबेहूब नक्कल करणारे सिंथ तर प्रत्येक सॅम्पलसाठी एक समीकरण पुन्हा पुन्हा सोडवतात, म्हणून ते साध्या वेव्हटेबलपेक्षा कितीतरी जड असतात. दिवामध्ये अचूकतेच्या ड्राफ्ट, फास्ट, ग्रेट आणि डिव्हाइन अशा चार पायऱ्या आहेत. गाणे घडवताना खालची पायरी आणि अंतिम रेंडर करताना, म्हणजे गाण्याची फाइल तयार करताना, वरची, हा व्यवहार्य मार्ग आहे. रेंडरला मुदत नसते, तिथे संगणकाने हवा तेवढा वेळ घ्यावा. मात्र पायरी बदलली की फिल्टरचा धारदारपणा बदलतो. तेव्हा रेंडर झाल्यावर फाइल ऐकल्याशिवाय कोणाला पाठवू नये. प्रोजेक्टच ९६,००० वर असेल, तर सगळेच काम दुप्पट होते. सिंथवर आधारलेल्या गाण्यासाठी ४८,००० पुरेसे आहे, आणि जिथे गरज आहे तिथेच ओव्हरसॅम्पलिंग द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बफरबद्दल आता बोलता येईल, कारण सर्वजण सुरुवात तिथून करतात आणि माझ्या मते तो उपायापेक्षा चाचणी म्हणून जास्त उपयोगी आहे. बफर वाढवल्याने ऑसिलेटरचे काम कमी होत नाही. ५१२ सॅम्पलच्या तुकड्यात १२८ च्या चौपट काम असते आणि मुदतही चौपट मिळते. कमी होतो तो दर तुकड्यामागचा ठरावीक खर्च आणि अधूनमधून येणाऱ्या अडथळ्यांचा फटका. त्यामुळे १२८ वरून ५१२ वर गेल्यावर आकडा एकदम खाली आला, तर सिंथ निर्दोष असून गडबड ड्रायव्हरमध्ये किंवा यंत्रणेत आहे असे समजावे. आकडा जेमतेम हलला, तर काम खरोखरच जास्त आहे आणि वर सांगितलेले उपाय करावेत. हातात स्वतंत्र ऑडिओ इंटरफेस असेल, तर त्याच्या उत्पादकाचा एएसआयओ ड्रायव्हरच (विंडोजवर कमी विलंबाने ऑडिओ पोचवणारा) निवडलेला आहे ना, हेही याच वेळी पाहावे.

तडतड कॉर्डशी किंवा सुरांशी जुळत नसेल, मनाला येईल तेव्हा एखादा खडा पडल्यासारखी होत असेल, तर तपास सिंथच्या बाहेर न्यावा. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचे साधन चालू करून दहा मिनिटे गाणे वाजवले, तर कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतो ते नावासकट दिसते. वायफाय आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर यात वारंवार सापडतात. वायफाय बंद केल्यावर खडे पडायचे थांबले, तर उत्तर मिळाले. यूएसबी पोर्टला झोपवणारी वीजबचतीची सोय बंद करावी आणि पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवावा.

वीज हा आपल्याकडे निव्वळ सेटिंगचा विषय नाही. लाइट गेली की लॅपटॉप मुकाट्याने बॅटरीवर जातो आणि बहुतेक लॅपटॉप त्याच क्षणी प्रोसेसरचा वेग उतरवतात. पंखा थांबल्याचे आपल्याला कळते, वेग उतरल्याचे कळत नाही. दुपारी नीट वाजणारे गाणे भारनियमनाच्या वेळेत फाटत असेल, तर प्लगिनला बोल लावण्यापूर्वी चार्जरकडे पाहावे. मे महिन्याचे दुखणे वेगळे आहे. गाणे पहिली पंधरा-वीस मिनिटे ठीक चालते आणि नंतर तोच बार तडतडू लागतो, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचा चालू वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. सुरुवातीचा आकडा लिहून ठेवावा आणि तडतड सुरू झाल्यावर पुन्हा पाहावा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो ३.४ वरून १.८ वर आलेला दिसला होता. त्यातल्या पंख्याच्या जाळीवरून निरांजनाच्या वातीइतकी जाड धुळीची पट्टी निघाली, आणि त्यानंतर त्याच प्रोजेक्टला काहीही न करता वेग टिकला.

एक विचित्र लक्षण राहिले. गाणे चालू असताना भार कमी आणि थांबवल्यावर, शांततेत, वाढलेला. हे डीनॉर्मल आकड्यांचे काम असते. रिव्हर्बचे किंवा फिल्टरच्या फीडबॅकचे शेपूट विरत जाते, तसे त्यातले आकडे लहान होत होत एका टप्प्यानंतर ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटच्या नेहमीच्या मर्यादेखाली, म्हणजे दशांश चिन्हानंतर सदतीस शून्ये येतील इतक्या खाली उतरतात, आणि असे आकडे हाताळताना अनेक प्रोसेसर कमालीचे मंदावतात. आताचे बहुतेक प्लगिन असे आकडे थेट शून्य करून टाकतात. जुन्या आणि हौशी प्लगिनमध्ये ही काळजी घेतलेली नसते. संशय असेल, तर त्या रिव्हर्बच्या आधी ऐकू न येईल इतका हलका नॉइज सोडून पाहावा. भार लगेच उतरला, तर दोषी सापडला. तो प्लगिन बदलावा, त्यात दुरुस्ती करण्यासारखे आपल्या हातात काही नाही.

ट्रॅक फ्रीझ करण्याचा, म्हणजे सिंथचा ध्वनी तात्पुरता ऑडिओत उतरवून ठेवण्याचा, सल्ला मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. फ्रीझ केल्याने भार जातो यात शंका नाही, पण कारण न शोधता पहिल्याच दिवशी फ्रीझ करणाऱ्यांचे प्रोजेक्ट नंतर बदलता येण्याजोगे राहत नाहीत, आणि गायकाने पट्टी अर्ध्या सुराने खाली मागितली की सगळे ट्रॅक पुन्हा उघडावे लागतात. पट्टी, लय आणि कॉर्ड ठरल्यानंतर मात्र जड सिंथ निर्धास्तपणे फ्रीझ करावेत. फ्रीझ म्हणजे नुसते बायपास नव्हे. सिंथच्या स्वतःच्या खिडकीतले बटण बंद केले, तरी काही प्लगिन आतल्या आत काम करतच राहतात. रीपरमध्ये फ्रीझ केल्यावर प्लगिन ऑफलाइन जातो आणि मिडी जपून ठेवलेली असते. क्लिप जिथे संपते तिथेच फ्रीझही संपणार असेल, तर शेवटच्या कॉर्डचे शेपूट कापले जाते. म्हणून फ्रीझ करण्यापूर्वी क्लिपच्या पुढे निदान दोन रिकामे बार ओढून ठेवावेत.